चौदा शनिवार, एक सोमवार

अमेरिकेतल्या बॅटन रूजमध्ये सामन्याच्या शनिवारी दुपारनंतर गाडी बाहेर काढायची नसते. शहराची वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास, आणि लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या (एलएसयूच्या) टायगर स्टेडियममध्ये माणसं मावतात १,०२,३२१. शिवाय तिकीट न मिळालेले आणि तिकीट नकोच असलेले वेगळे. ते स्टेडियमबाहेरच्या ओकच्या झाडांखाली तंबू ठोकतात, टीव्ही लावतात आणि रात्रीपर्यंत खातपीत बसतात. मी तिथे संशोधनाच्या निमित्ताने काही वर्षं होते. भाड्याचं घर कॅम्पसच्या जवळ. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंतचे शनिवार माझे नव्हतेच. ते एलएसयूच्या फुटबॉल संघाचे होते.

फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल. हेल्मेटं, खांद्यांवर पॅड आणि लंबगोल चेंडू. आई सांगलीहून फोनवर पाठीमागचा गोंगाट ऐकायची आणि विचारायची, "अगं, पण ही कॉलेजचीच पोरं ना? मग परीक्षा कधी देतात?" मी हसून विषय बदलायचे. ह्या प्रश्नाचं चांगलं उत्तर २०१९ साली मिळालं, ते पुढे येईलच.

आधी वाघाबद्दल सांगते. स्टेडियमला लागूनच एक मोठं कुंपण घातलेलं आवार आहे, आत झाडं, धबधबा, पोहायला डोह, आणि तिथे विद्यापीठाचा स्वतःचा जिवंत वाघ राहतो. १९३६ पासून ही परंपरा आहे. प्रत्येक वाघाचं नाव माइक. मी होते तेव्हा सातवा माइक होता, बंगाल आणि सैबेरियन वंशाचा. ताडोबात जिप्सीत बसून धूळ खाल्ली तेव्हा ज्याने शेपटीचं टोकही दाखवलं नाही, तो इथे ग्रंथालयातून घरी जाताना रोज आळोखेपिळोखे देताना दिसायचा. पूर्वी सामन्याच्या दिवशी त्याला पिंजऱ्यात घालून मैदानावर फिरवत. ते आता बंद झालं आहे, आणि बरंच झालं.

झाडांखालच्या त्या जेवणावळींत परक्या माणसालाही आग्रहाने वाढतात. मोठाल्या लोखंडी काहिलीत जांबालाया रटरटत असतो, तो ढवळायला होडीच्या वल्ह्याएवढा लाकडी कलथा. शाकाहारी आहे म्हटलं की सगळे फार वाईट वाटून घेतात, आणि मग भातातली सॉसेजं बाजूला काढून तोच भात पुढे करतात.

खेळ मला शिकवला शेजारच्या बाईंनी. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, घराच्या दारात जांभळा-सोनेरी झेंडा. मैदान शंभर यार्डांचं, प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. सगळ्याचा सूत्रधार क्वार्टरबॅक. तो चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो, फेकतो किंवा स्वतः घेऊन पळतो, आणि ह्यातलं काय करायचं ते ठरवायला त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात, तेही सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर चालून येत असताना. एवढं कळलं की बाकीचे बारीक नियम हळूहळू झिरपतात, असं बाई म्हणायच्या. नियमांपेक्षा त्यांनी मला इतिहास जास्त शिकवला, आणि तो इतिहास म्हणजे मुख्यतः अलाबामाने केलेल्या छळाची बखर होती.

निक सेबन हा प्रशिक्षक आधी एलएसयूचा. त्याने २००३ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, मग तो व्यावसायिक संघाकडे गेला आणि २००७ मध्ये परतला तो थेट प्रतिस्पर्धी अलाबामात. ह्यात गद्दारी आहे की नाही, यावर लुइझियानात सभ्य माणसांनी बोलू नये. नोव्हेंबर २०११ मध्ये एलएसयूने अलाबामाला ९-६ असं हरवलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी राष्ट्रीय अंतिम सामन्यात तोच अलाबामा पुन्हा समोर आला आणि २१-० ने जिंकला. त्या रात्री एलएसयूला शेवटच्या सत्रापर्यंत मैदानाचा मध्य ओलांडणंसुद्धा जमेना. मग सलग पराभव. सगळे धरून आठ. २०१८ मध्ये तर घरच्या मैदानावर २९-०. संघात ताकदवान पोरं भरपूर, बचाव भक्कम, पण आक्रमण जुन्या वळणाचं. चेंडू धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने घोळक्यात डोकं घालायचं, तीन यार्ड मिळवायचे, पुन्हा तेच. बाकीचं जग चेंडू फेकायला लागलं होतं, आणि एलएसयू मात्र आजोबांच्या पद्धतीने शेती करत होतं.

ह्या पार्श्वभूमीवर २०१९ चा संघ उभा राहिला. त्यात कोण होतं ते पाहिलं तर गंमत वाटते.

मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन. लुइझियानातल्या बायू लफूर्श ह्या ओढ्याच्या काठावरच्या लरोझ गावचा केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांतला माणूस, दंडगोल शरीर आणि खडीच्या ट्रकमधून आल्यासारखा आवाज. तरुणपणी एलएसयूतच खेळायला आला होता, पण घरची ओढ लागून परत गेला आणि टेलिफोन कंपनीसाठी फावड्याने चर खणायला लागला. मग दुसऱ्या, लहान कॉलेजात खेळला. पुढे मिसिसिपीत ओल मिस विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला; तीन हंगामांत १० विजय, २५ पराभव, आणि नारळ. २०१३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हंगामाच्या मध्यात हंगामी म्हणून नेमलं, त्याने आठपैकी सहा सामने जिंकूनही कायम केलं नाही. २०१६ मध्ये एलएसयूनेही आधी हंगामीच नेमलं. नेमणूक कायम झाली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. त्याचं बोलणं, ते गावंढळ उच्चार, कॅमेऱ्यासमोरचं गुरगुरणं, याची देशभर टिंगल व्हायची. लुइझियानात मात्र तो आवाज ऐकला की लोकांना आपला मामा बोलतोय असं वाटायचं.

क्वार्टरबॅक जो बरो हा ओहायोच्या आग्नेय कोपऱ्यातल्या अथेन्स परगण्यातला. वडील फुटबॉल प्रशिक्षक. ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य विद्यापीठात तीन वर्षं राहूनही मुख्य जागा मिळाली नाही. आधी एकाच्या मागे बसला, मग हात मोडला, मग दुसरा पुढे गेला. आणि इथे आईच्या परीक्षांचा प्रश्न येतो. त्या काळी एका विद्यापीठातून दुसऱ्याकडे गेलेल्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. ज्याची पदवी पूर्ण झाली आहे, त्याला मात्र लगेच खेळता येई. बरोने पदवी तीनच वर्षांत पूर्ण केली होती. म्हणून तो २०१८ च्या मे महिन्यात ओहायोहून निघाला आणि त्याच वर्षी लुइझियानात खेळायला उभा राहिला, हातात दोन हंगाम घेऊन. परीक्षा वेळेआधी दिल्या नसत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, तेच म्हणत होते मी."

त्याचा पहिला हंगाम ठीकठाक होता. १६ टचडाउन पास, शंभरातले अठ्ठावन्न चेंडू झेलकऱ्याच्या हातात. वाईट नाही, पण यावरून कोणी पुतळे उभारत नाही. त्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याने फेकलेला चेंडू समोरच्याने पकडला आणि त्या गोंधळात कोणीतरी बाजूने येऊन त्याला असा काही आडवा केला की आमच्या गल्लीतले सगळे एकदम "ओह" म्हणाले. तो उठला आणि जवळजवळ चारशे यार्ड पास फेकून सामना जिंकला. बाई म्हणाल्या, आता हा आपला झाला.

झेलकरी जस्टिन जेफरसन न्यू ऑर्लिन्सजवळच्या सेंट रोझचा. दोघे भाऊ त्याच्याआधी एलएसयूत खेळले होते, पण शाळेत असताना ह्याच्याकडे मोठ्या विद्यापीठांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. धावपटू क्लाइड एडवर्ड्स-एलेअर बॅटन रूजचाच, उंची पाच फूट आठ इंच. ह्या खेळात ती बुटकी समजतात. आणि जो ब्रेडी, तिशीही न गाठलेला. न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघात दुय्यम कामं करणाऱ्या ह्या मुलाला ऑर्जेरॉनने उचलून आणलं आणि आक्रमणाचा प्रमुख असलेल्या साठीच्या स्टीव्ह एन्समिंगरच्या शेजारी बसवलं. एन्समिंगर सत्तरच्या दशकात स्वतः एलएसयूचा क्वार्टरबॅक होता. एखाद्या जुन्या माणसाच्या टेबलाशेजारी नवा हुशार पोरगा आणून बसवला की आपल्याकडच्या कचेऱ्यांत काय होतं ते मी पाहिलं आहे. इथे तसं झालं नाही. मला वाटतं, त्या हंगामाचं सगळ्यात कमी बोललं गेलेलं श्रेय एन्समिंगरच्या ह्या मोकळेपणाला आहे.

ब्रेडीने आणलेली कल्पना सांगायला सोपी आहे. पाच जणांना मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवून उभं करायचं. समोरच्या बचावालाही मग पसरावं लागतं. पसरलेल्या बचावात कुठेतरी एकास एक अशी जोडी पडतेच, आणि तुमचा तो एक त्यांच्या एकापेक्षा सरस असेल तर चेंडू तिथे टाकायचा. सगळा भार क्वार्टरबॅकच्या डोळ्यांवर. बरो हा प्रशिक्षकाचा मुलगा, बचावाच्या खोड्या बापाच्या मांडीवर बसून शिकलेला. वडील जिमी बरो तर ओहायो युनिव्हर्सिटीच्या बचावाचेच प्रमुख होते, आणि मुलाचा शेवटचा हंगाम डोळ्यांनी बघता यावा म्हणून २०१८ नंतर निवृत्त झाले.

३१ ऑगस्टला जॉर्जिया सदर्नला ५५-३ ने हरवलं, ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्या शनिवारी टेक्ससमध्ये खरी ओळख झाली. एलएसयू जेमतेम पुढे, अडीच मिनिटं उरलेली, तिसरा प्रयत्न आणि अजून सतरा यार्ड हवे. जुन्या एलएसयूने इथे चेंडू धावणाऱ्याला दिला असता, दोन यार्ड मिळवले असते, चेंडू लाथाडून दिला असता आणि बचावाच्या नावाने देव पाण्यात घातले असते. बरो अंगावर आलेल्यांना चुकवत बाजूला सरकला आणि चेंडू जेफरसनकडे गेला. ६१ यार्ड, टचडाउन. ४५-३८. आमच्या गल्लीत क्षणभर कोणाला ओरडायचंच सुचेना. सामना जिंकल्याचा आनंद होताच, पण आपल्या संघाने असं काही करून पाहिलं, याचंच आश्चर्य जास्त होतं.

त्यानंतरचे काही शनिवार गुणांच्या पावसाचे होते. ६५, ६६, ४२, पुन्हा ४२. मधे ऑबर्नशी मात्र २३-२० असं घासून निघालं, आणि त्या सामन्यात बचावाने लाज राखली. बचावाची तशी वर्षभर धडधड होती. वँडरबिल्टसारख्या दुबळ्या संघाने ३८ गुण केले, ओल मिसच्या क्वार्टरबॅकने एकट्याने धावून २१२ यार्ड काढले. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतरच्या गौरवगाथांमधून हे भाग गळून गेले.

९ नोव्हेंबर, टस्कलूसा, अलाबामाचं घर. दोन्ही संघ अपराजित. देशाचे राष्ट्राध्यक्षही सामन्याला हजर. पहिल्या अर्ध्यात एलएसयू ३३-१३ ने पुढे होतं, आणि बॅटन रूजमध्ये कोणाचाही त्यावर विश्वास नव्हता. आठ वर्षं मार खाल्लेल्या माणसाला आघाडीचंही दडपणच येतं. शेजारच्या बाईंनी तिसऱ्या सत्रात टीव्ही बंद केला आणि बाहेर येऊन वाफ्यातलं गवत उपटायला बसल्या. आजूबाजूच्या घरांतून येणाऱ्या ओरड्यावरून त्या गुण ओळखत होत्या; लांब विव्हळणं आलं की अलाबामाचा टचडाउन, भांडी पडल्यासारखा आवाज आला की आपला. विव्हळणं वाढत गेलं. ३३-२७. मग ३९-३४. आणि तेव्हा तो पाच फूट आठ इंचांचा पोरगा चेंडू घेऊन पळायला लागला. एडवर्ड्स-एलेअरला पहिला माणूस पाडू शकत नव्हता, दुसराही नाही, पाय चालूच. त्या दिवशी त्याने चार टचडाउन केले. अलाबामाने शेवटच्या दीड मिनिटात आणखी एक लांब पास टाकून ४६-४१ केलं, पण तोवर वेळ हातातून गेली होती. सामना संपला तेव्हा बाईंच्या वाफ्यात गवत नव्हतंच, शिवाय काही चांगली रोपंही नव्हती.

त्या संध्याकाळी लोक रस्त्यावर आले, गाड्यांचे हॉर्न मध्यरात्रीपर्यंत वाजत होते. मी खिडकीतून बघत बसले आणि मला पहिल्यांदा जाणवलं की मी "ते जिंकले" म्हणत नाहीये, "आपण जिंकलो" म्हणतेय. विद्यापीठाच्या गावातली माझ्यासारखी माणसं सगळीच तात्पुरती असतात. शिष्यवृत्ती संपली, प्रकल्प संपला, व्हिसाची मुदत संपली की सामान बांधायचं. अशा गावाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि ते काम तिथे शनिवार करत होते. विनोद असा की ज्यांच्याभोवती गाव गोळा व्हायचं, ती पोरंही तितकीच तात्पुरती होती.

३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता, टेक्सस ए अँड एमशी. वर्षभरापूर्वी ह्याच संघाने सात जादा डावांनंतर ७४-७२ असं हरवलं होतं. ह्या वेळी ५०-७. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना निरोप द्यायचा दिवस. बरो बाहेर आला तो पाठीवर आपलं आडनाव केजन पद्धतीच्या स्पेलिंगमध्ये लिहून. ओहायोच्या मुलाने एवढं केलं आणि स्टेडियममधली वयस्कर माणसं हमसून रडायला लागली. मी बाईंकडे पाहिलं नाही.

डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला त्याला हाइझमन चषक मिळाला, त्या वर्षाच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा, विक्रमी मतांनी. एलएसयूला हा मान त्याआधी एकदाच मिळाला होता, १९५९ साली बिली कॅननला. भाषणात बरोला हुंदका आवरेना. मग त्याने आपल्या गावाबद्दल सांगितलं. अथेन्स परगणा गरीब आहे, तिथे शाळेतून घरी गेल्यावर पोटभर जेवण नसलेली मुलं आहेत, आणि आपण त्यांच्यासाठी इथे उभे आहोत, असं काहीसं. भाषण संपल्यावर त्याच्याच भागातल्या एका माणसाने परगण्याच्या अन्नपेढीसाठी ऑनलाइन वर्गणी सुरू केली आणि ती पाच लाख डॉलरांच्या पुढे गेली. त्यातली बरीच लुइझियानातून आली होती. ह्या राज्याला गरिबी कोणी समजावून सांगावी लागत नाही.

पुढचं वेगाने झालं. २८ डिसेंबरला अटलांटात उपांत्य सामना, ओक्लाहोमाशी. त्याच सकाळी लुइझियानातल्या लाफायेटमध्ये एक छोटं विमान पडलं. त्यात एन्समिंगरची सून होती. ती सामन्यालाच निघाली होती. ही बातमी त्याला ऑर्जेरॉनने सांगितली. तरी एन्समिंगर स्टेडियममधल्या प्रशिक्षकांच्या वरच्या खोलीत जाऊन बसला आणि त्याने आपलं काम केलं. पहिल्या अर्ध्यात बरोने सात टचडाउन पास फेकले, त्यातले चार जेफरसनकडे. ६३-२८. त्या दिवशी जिंकून आनंद करावा की नाही, हे गावाला कळत नव्हतं. काही घरांतून हॉर्न वाजले, काहींतून नाही.

अंतिम सामना सोमवारी, १३ जानेवारी २०२० ला, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये. म्हणजे घरापासून तास-दीड तासावर. समोर क्लेम्सन, सलग २९ सामने न हरलेला संघ. दुसऱ्या सत्रात क्लेम्सन १७-७ ने पुढे गेलं, आणि मग एलएसयूने मध्यंतरापर्यंत सलग २१ गुण केले. बरोच्या बरगडीला मार लागला होता, तो खेळत राहिला. ४६३ यार्ड, पाच टचडाउन पास, एक स्वतः धावून. जमार चेसने एकट्याने २२१ यार्ड झेलले. ४२-२५. पंधरा सामने, पंधरा विजय. बरोचे हंगामातले टचडाउन पास ६०, सर्वोच्च श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमधला तेव्हाचा विक्रम. शंभरातले ७६ चेंडू बरोबर ठिकाणी. संघाचे एकूण गुण ७२६, हाही विक्रम. सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये सिगार ओढत बसलेल्या बरोचा फोटो आजही बॅटन रूजच्या अर्ध्या खानावळींत लावलेला असेल.

त्या रात्रीचं आणखी एक दृश्य मला जास्त बोलकं वाटतं. एलएसयूचाच माजी खेळाडू आणि आता व्यावसायिक फुटबॉलमधला मोठा तारा ओडेल बेकहॅम ज्युनियर मैदानावर उतरला आणि खेळाडूंच्या हातात नोटा ठेवू लागला. आधी त्या खोट्या असल्याचं सांगण्यात आलं. मग बरोनेच एका मुलाखतीत त्या खऱ्या होत्या हे सांगून टाकलं. केवढा गहजब झाला! कारण तेव्हाच्या नियमांनुसार कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे कमाई करायला बंदी होती. प्रशिक्षकाला लाखो डॉलर, वाहिन्यांना कोट्यवधी, पार्किंगच्या जागेचे पैसे, जर्सीचे पैसे, पण ज्याच्या नावाची जर्सी विकली जाते त्याने शंभराची नोट घेतली की भ्रष्टाचार. हा नियम मला तेव्हाही ढोंगी वाटत होता. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली. बरो आणि मंडळींना दीड वर्षाने उशीर झाला.

आणि दुसरी बाजूही लिहिलीच पाहिजे. मार्च २०२१ मध्ये विद्यापीठानेच नेमलेल्या वकिलांच्या कंपनीचा अहवाल आला. विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाच्या तक्रारी, त्यात काही फुटबॉल खेळाडूंविरुद्धच्याही, विद्यापीठाने अनेक वर्षं नीट हाताळल्या नव्हत्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ज्या कॅम्पसवरून मी रात्री उशिरा प्रयोगशाळेतून निर्धास्त घरी यायचे, तिथल्या मुलींना आपली तक्रार कुठे नेऊन द्यायची ते कळत नव्हतं. हा अहवाल वाचल्यानंतर त्या सामन्यांच्या चित्रफिती मी बराच काळ लावल्या नाहीत. नंतर लावल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

संघाचं काय झालं? विजेतेपदानंतर काही दिवसांतच जो ब्रेडी व्यावसायिक संघाकडे गेला. बचावाचा प्रमुख दुसऱ्या विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी एकट्या एलएसयूतून १४ खेळाडू निवडले, पाच तर पहिल्याच फेरीत, आणि सगळ्यांत पहिला बरो. तोवर करोना आला होता, आणि लुइझियाना सुरुवातीच्या सर्वाधिक ग्रासलेल्या राज्यांपैकी एक होतं. सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा एक लाखाच्या स्टेडियममध्ये तुरळक माणसं, चेसनेही त्या वर्षी न खेळायचं ठरवलेलं, आणि पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटने ४४-३४ ने हरवलं. समोरच्या क्वार्टरबॅकने ६२३ यार्ड फेकले. हंगाम ५-५ वर संपला.

लोक चिडले. गावात, चहाच्या टपरीवर असतं तसं, प्रत्येकाकडे कारण तयार होतं. प्रशिक्षक आळशी झाला, त्याच्या डोक्यात हवा गेली, नवे सहायक भिकार. थोडंफार खरंही असेल. पण मला वाटतं, मूळ कारण त्या हंगामाच्या जन्मातच होतं. नियमातल्या एका फटीतून बरो आला. एका धाडसी नेमणुकीतून ब्रेडी आला. कॉलेजात मुलं तीन-चार वर्षांसाठी येतात म्हणून चेस, जेफरसन आणि एडवर्ड्स-एलेअर एकाच वेळी एका मैदानावर होते. ज्या दारातून ही सगळी आत आली, ते दार बाहेरही उघडत होतं. व्यावसायिक संघ चांगला जमला तर करार करून पाच-सहा वर्षं टिकवता येतो. कॉलेजच्या संघाला ती सोय नाही. तिथे उत्तम खेळणं हेच निघून जाण्याचं कारण ठरतं. ऑर्जेरॉनकडे लोकांनी पुन्हा तेच मागितलं, आणि त्यानेही ते द्यायचं कबूल केलं. दोघांनाही ते जमण्यासारखं नव्हतं.

विजेतेपदानंतर एकवीस महिन्यांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ऑर्जेरॉन त्या हंगामाअखेर पद सोडणार असल्याचं जाहीर झालं. करार तोडल्याबद्दल त्याला जवळजवळ पावणेदोन कोटी डॉलर मिळायचे होते. नंतर एका सभेत त्याने हा किस्सा स्वतःच रंगवून सांगितला: एवढे पैसे देतो म्हटल्यावर आपण एवढंच विचारलं, की किती वाजता निघू आणि कुठल्या दाराने. टेलिफोनचे चर खणलेल्या माणसाला असा प्रश्न शोभतो.

बाईंशी माझं अजून फोनवर बोलणं होतं, आणि दर वेळी एक भांडण ठरलेलं असतं. त्यांच्या मते कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात ह्याहून चांगला संघ झालाच नाही. मी २००१ चा मायामी काढते, १९९५ चा नेब्रास्का काढते. त्यांचे सामने मी पाहिलेले नाहीत, पण भांडायला तेवढं पुरतं. त्या शांतपणे मोजायला लागतात. हंगाम सुरू होण्याआधी देशातले पहिले चार मानले गेलेले संघ कोण? क्लेम्सन, अलाबामा, जॉर्जिया, ओक्लाहोमा. चारही हरवले की नाही? हरवले. मग मी ओल मिसचे ते २१२ यार्ड काढते, आणि बाई म्हणतात, "तो सामना आपण एकवीस गुणांनी जिंकला होता, तू बघत नव्हतीस का?"